खालच्या पट्टीत

बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईनं बटाट्याच्या क्रिस्प्सचं पाकीट उघडलं आणि परीक्षितला वाटलं, कुणीतरी कानाशी पत्रा फाडला. तो इतका दचकला की मांडीवरची लोकरीची टोपी खाली पडली. बाईनं वळून 'सॉरी' म्हटलं आणि तेसुद्धा त्याला शेवटच्या अक्षरासकट ऐकू आलं. बसचं दार उघडताना सुस्कारा टाकतं, हे त्याला कधी माहीत होतं का? असणार. साउथहॅम्प्टनमध्ये आल्यापासून तो याच बसनं जात होता. पण कुठल्यातरी वर्षी तो सुस्कारा गळून पडला असावा, मग ओल्या कोटांची सळसळ, मग मागच्या माणसाचं नाक ओढणं, आणि ज्या दिवशी ते गेलं त्या दिवशी त्याला कळलंही नसावं. आधी जहाजांची इंजिनरूम आणि नंतर इथल्या बंदरात कंटेनर उचलणाऱ्या क्रेन्सची देखभाल, असं सगळं आयुष्य आवाजात काढल्यावर कान थकणारच. हॉस्पिटलमधल्या ऑडिओलॉजिस्ट मुलीनं दोन्ही कानांमागे बदामाएवढी यंत्रं बसवून सांगितलं होतं, तुमचा मेंदू हे आवाज विसरलाय मिस्टर सोहोनी, त्याला जरा सवय होऊ द्या. घरी त्यानं देवयानीला यातलं काही सांगितलं नव्हतं. रिळांसाठी तेल आणायला टाउनमध्ये जातो, एवढंच म्हणाला होता. लाज नव्हती म्हणता येणार नाही. एडिनबराहून तनू दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायची, "बाबा, तुमचा मशीन कधी येणार? आई किती ओरडते, तिची घसा दुखते," आणि तिचं चुकलेलं मराठी दुरुस्त करण्याच्या निमित्तानं तो विषय टाळायचा. पण त्याहून खरं कारण असं, की नवा पार्ट आधी बाकावर चालवून बघायचा आणि मगच मशीनला बसवायचा, ही त्याची जुनी सवय. चार दिवस चालवून बघू, मग सांगू. त्यानं टोपी उचलली आणि कान झाकले जातील अशी खाली ओढून घेतली.

घराच्या मागच्या बाजूला काचेची खोली होती. ती हिवाळ्यात इतकी गार पडायची की टोपी घालूनच बसावं लागायचं, त्यामुळे देवयानीला संशय यायचं कारण नव्हतं. तिथे त्याची रिळं होती. मासे धरायच्या काठीला लावायची जुनी इंग्लिश सेंटरपिन रिळं. काही अक्रोडाच्या लाकडाची आणि पितळेची, शंभर वर्षांपूर्वी नॉटिंगहॅमच्या कुठल्यातरी गल्लीत कातलेली, काही नंतरची अल्युमिनियमची, आऱ्या असलेली, सायकलच्या चाकासारखी हलकी. पहिलं त्याला एका कार बूट सेलमध्ये, लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे, मिळालं होतं. गंजक्या करवती आणि किटल्यांच्या ढिगात एक काळपट गोल चकती. त्यानं सहज बोटानं टिचकी मारली आणि ती फिरत राहिली. देवयानी पुढच्या टेबलावरचे कप बघून परत आली तरी ती फिरतच होती. गिअर नाहीत, स्प्रिंग नाही, मधोमध एक पिन आणि त्या पिनेवर टेकलेलं चाक, बस्स. जन्मभर हजार ठिकाणी बिघडू शकणाऱ्या यंत्रांमागे धावलेल्या माणसाला ती चकती हातात धरून जे वाटलं, ते त्याला तेव्हा देवयानीला सांगता आलं नाही. "केवढं साधं आहे हे," एवढंच तो म्हणाला, आणि ती बंदरातल्या आवाजाला पुरेल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "अहो, मग घ्या की!" त्यानंतर रिळं येत गेली. तो ती उघडायचा, जुनं घट्ट झालेलं ग्रीस पुसायचा, पिन मऊ कापडानं साफ करायचा, तेल घालून परत बसवायचा. वरचा काळसर रंग मात्र कधी घासायचा नाही, कारण तो कुणाकुणाच्या ओल्या हातांनी आलेला असतो. एका दिवाळीत देवांच्या पितळी उपकरणींबरोबर देवयानी एक रीळ चिंचेनं घासायला निघाली होती, तेव्हा तो असा ओरडला की तिच्या हातातली चिंचच पडली. आता त्यानं त्याचं सगळ्यात लाडकं रीळ उचललं, ज्याच्या आतल्या बाजूला कुणीतरी सुईनं एक लहानसा मासा कोरला होता, आणि टिचकी मारली. चाक फिरलं. आणि त्यातून आवाज आला. बारीक, कोरडा, वाळूवरून चप्पल ओढावी तसा. त्यानं ते थांबवलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा तोच. दुसरं उचललं, तिसरं उचललं. एकजात सगळी खरखरत होती. नदीवर त्यानं ज्यांची स्तुती ऐकली होती, ज्यांना तो मनातल्या मनात मुकी म्हणायचा, ती रिळं इतकी वर्षं त्याच्या हातात कुरकुरत होती आणि त्याच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं.

तो ते लाडकं रीळ उघडून बसला असताना देवयानी चहा घेऊन आली. "अहो, चहाऽऽ!" तिनं नेहमीच्या उंच आवाजात हाक दिली आणि परीक्षितच्या डोक्यात ती आरपार गेली. त्यानं कसाबसा चेहरा सरळ ठेवला. ती तिच्या वेताच्या खुर्चीत बसली आणि क्रोशाचं विणकाम काढलं. ही रोजची वेळ होती. त्याच्या हातात रीळ, तिच्या हातात सुई, आणि तिचे हलणारे ओठ. हॉस्पिटलच्या फार्मसीतून रिटायर झाल्यापासून ती इथे बसून काहीतरी पुटपुटायची. रामरक्षा असेल, तो समजायचा. त्याची आईही अशीच पुटपुटायची. दोघं मिळून शांत बसतो, याचं त्याला सुख वाटायचं, आणि हे सुख तिलाही आहे असं तो धरून चालला होता. आज ओठ हलले आणि त्यातून शब्द आले. "वांगी विसरलास ना परत? विसरणारच. तेलाचं बरोबर लक्षात राहतं." त्यानं मान वर केली नाही. "आणि ही टोपी. माकडासारखा दिसतोस अगदी. गोड माकडासारखा." त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. लग्न झालं तेव्हा त्याच्या आईसमोर ती अहो म्हणू लागली आणि मग तेच राहिलं. बोटीवर जायच्या आधी एकदा त्यानं तिला विनवलं होतं, एकटे असताना तरी मला 'तू' म्हण. ती हसली होती. "जीभ वळत नाही हो." आणि इथे, या गार काचेच्या खोलीत, त्याच्यापासून हातभर अंतरावर, ती जीभ किती सहज वळत होती. ती काय काय सांगत होती! शेजारच्यांच्या कुत्र्याचं, तनूच्या आवाजातल्या थकव्याचं, तिच्या स्वतःच्या आईच्या हातच्या अळूवडीचं, जी तिला आज दुपारभर आठवत होती. मध्येच थांबून ती टाके मोजायची आणि पुन्हा, "ऐक ना," म्हणायची. ऐक ना. म्हणजे ती त्याच्याशीच बोलत होती. रामरक्षा कधी नव्हतीच.

पुढचे दिवस परीक्षितला वाटत राहिलं, आपण एखाद्या अनोळखी बाईच्या प्रेमात पडतोय. हळू बोलणारी देवयानी खट्याळ होती. तिचं 'रे' लांबट, नागपूरकडचं होतं, माहेरचं, जे अहो म्हणताना पार पुसलं जायचं. संध्याकाळ व्हायची तो वाट बघायचा. पण त्याच वेळी आत काहीतरी बोचायचंही. ती बोलत होती ते बहिऱ्या माणसाशी. आपण दाराला कान लावून बसलोय, आणि दारही आपलंच. सांगितलं पाहिजे, उद्या सांगू. उद्या आला की ओठ हलायच्या आधीच तो टोपी खाली ओढून घ्यायचा. एकदा त्यानं ठरवून यंत्रं काढून खिशात ठेवली. खोली एकदम कापसात बुडाली, देवयानी ओठ हलवत राहिली आणि त्याला ते इतकं असह्य झालं की बाथरूमला जायचं निमित्त करून तो ती परत घालून आला. आणि त्याच संध्याकाळी, नेमकं त्याच संध्याकाळी, तो पिन पुसत असताना ती म्हणाली, "ब्रेस्ट स्क्रीनिंगवाल्यांनी परत बोलावलंय रे. मंगळवारी. मॅमोग्रामवर काहीतरी दिसलंय म्हणे." सुई चालूच होती. "बऱ्याच जणींना बोलावतात, दहातल्या नऊ जणींचं काही नसतं, मला काय माहीत नाही? पण हात गार पडतात बघ. तुला नाही सांगणार. तू सगळी चाकं उघडून बसशील आणि मग एकही परत जोडता येणार नाही तुला. एकटी जाऊन येते. शिल्पाकडे गप्पा मारायला चालले म्हणून सांगते." परीक्षितच्या बोटांतून एक चिमुकला स्क्रू निसटला. फरशीवर टिक, टिक, टिक असा तो कपाटाखाली गेल्याचं त्याला स्वच्छ ऐकू आलं. स्क्रू शोधायला तो गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला, कारण उठला असता तर तिला त्याचा चेहरा दिसला असता. "अहो, सापडलं काऽऽ?" ती वरच्या आवाजात म्हणाली. त्यानं मान हलवली.

आता काय करायचं, हा प्रश्न त्याच्याजवळ तीन दिवस राहिला. तिला एकटीला जाऊ देणं शक्य नव्हतं. पण बरोबर जायचं म्हणजे कबूल करायचं, आणि कबूल केलं की ती हळू बोलणारी बाई संपली. ती काही पुन्हा त्याच्यासमोर असं बोलणार नाही. जे इतक्या वर्षांनी हाती लागलं ते आठवडाभरात घालवायचं? त्याला स्वतःचाच राग आला. तिकडे तिच्या छातीत कदाचित काहीतरी वाढतंय आणि आपण आपल्या सुखाचा हिशोब करतोय. तो रिळं साफ करत बसला, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. खरखरीचं कारण सापडलं होतं. तेल. दर वेळी चाकाचा वेग जरा कमी वाटला की तो एक थेंब घालायचा, त्यावर आणखी एक, आणि त्या तेलात इतक्या वर्षांची बारीक धूळ येऊन बसली होती. या पिनेला तेल लागतं ते सुईच्या टोकावर राहील एवढं. त्यानं सगळं पुसून काढलं, एकेका रिळाला कानाशी धरून फिरवलं, आणि एकेक करून ती खरंच मुकी झाली. त्या शांततेत त्याला शेजारी देवयानीचा श्वास ऐकू येत होता. सोमवारी ती हळू आवाजातही काही बोलली नाही.

मंगळवारी सकाळी ती कोट घालून पॅसेजमध्ये उभी राहिली. "अहो, मी शिल्पाकडे जाऊन येतेऽऽ! भात कुकरमध्ये आहेऽऽ!"

"मी येतो," परीक्षित म्हणाला.

"शिल्पाकडे? तुम्ही?"

त्यानं टोपी काढली. डोकं थोडं वळवून एक कान दाखवला, मग दुसरा. "हॉस्पिटलला," तो म्हणाला.

 देवयानीचा हात आपोआप तोंडावर गेला. "कधीपासून?"

"गेल्याच्या आधीच्या गुरुवारपासून."

"म्हणजे सगळं..."

"वांग्यांपासून," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं ती हसेल. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिचा चेहरा असा झाला, जणू कुणी न विचारता तिच्या खोलीचं दार उघडलं होतं. "तुम्ही मला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. ओरडून नाही आणि कुजबुजूनही नाही. हा तिसराच आवाज होता, त्याला ओळखीचा नसलेला. "हो," तो म्हणाला. त्यानं आपला कोट चढवला, तिची पर्स उचलली, आणि ती उठेपर्यंत दाराशी उभा राहिला.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. क्लिनिकमधली बाई प्रेमळ होती, सारखं 'माय लव्ह' म्हणत होती. पुन्हा फोटो काढले, मग सोनोग्राफी, मग सुईनं आतला नमुना घेतला, आणि निकाल पुढच्या आठवड्यात असं सांगितलं. बाहेर बसलेल्या परीक्षितला सगळ्या कॉरिडॉरचे आवाज येत होते, ट्रॉल्यांची चाकं, पडद्यांच्या कड्या, कुणाचं तरी हलकं रडणं. ते कुणाचं आहे बघायला तो दारापर्यंत जाऊन आला. तिचं नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा एका हातानं कोटाची बटणं लावायचा प्रयत्न करत होती. त्यानं ती लावून दिली. तिनं लावू दिली आणि पुढे चालू लागली.

त्या आठवड्यात वेताची खुर्ची रिकामी राहिली. देवयानी संध्याकाळी स्वयंपाकघरातच बसायची, रेडिओ लावून. आपण धरलं होतं तसंच झालं, असं परीक्षितच्या मनात येत राहिलं, पण त्यात बरोबर ठरल्याचं समाधान कुठेच नव्हतं. आवाजानं भरलेल्या घरात त्याला आता पहिल्यांदा बहिरं वाटत होतं. मग एका संध्याकाळी ती कणीक मळत होती, पाठमोरी, तेव्हा तो टेबलापाशी येऊन बसला, बरोबर एक रीळ घेऊन, कारण रिकाम्या हातांनी त्याला बोलता येत नसे. आणि त्यानं ओठांतल्या ओठांत बोलायला सुरुवात केली. "मी पण बोलायचो," तो म्हणाला. "तुला ठाऊक नाही. बोटीवर, इंजिनरूममध्ये. तिथे इतका आवाज असायचा की ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही. म्हणून मोठमोठ्यानं बोलायचो तुझ्याशी. तनू झाली तेव्हा आम्ही पनामाच्या अलीकडे होतो. वॉचची पाळी संपेपर्यंत तुझं नाव घेत होतो. माझं मलाही ऐकू येत नव्हतं." देवयानीचे हात कणकेत थांबले. तो पुढे बोलत गेला. त्याला भीती वाटतेय हे सांगितलं. ती नसलेल्या घराची कल्पना करायला गेलं की स्वयंपाकघराच्या पुढे जाता येत नाही, हे सांगितलं. यंत्रांचं आधी का सांगितलं नाही आणि नंतर का सांगवेना, तेही, जसं होतं तसं. वाक्यं अर्धवट होत होती. रीळ त्याच्या हातात उगाच फिरत होतं, अजिबात आवाज न करता.

"काय पुटपुटताय?" ती न वळता म्हणाली. "मला नीट ऐकू येत नाहीये." पण तिचा आवाज भिजलेला होता, आणि त्याला तो ऐकू आला. तो उठला, कानांतली यंत्रं काढली, स्क्रू ठेवायच्या पत्र्याच्या डबीत घातली आणि डबी तिच्यासमोर ओट्यावर ठेवली. "रोज संध्याकाळी काढून ठेवत जाईन. तू बस तिथे. बोल." त्याला स्वतःचे शब्द दुरून आल्यासारखे वाटले. देवयानीनं कणकेचे हात धुतले, पुसले. डबी उघडली. एकेक यंत्र उचलून बोटांत फिरवून बघितलं, फार्मसीत गोळी तपासावी तसं, आणि मग त्याच्याजवळ येऊन तिनं ती स्वतःच त्याच्या कानांमागे बसवली. पहिलं उलटं बसलं, दुसऱ्या खेपेला नीट गेलं. खोली परत आली, पाण्याचा नळ, फ्रिजची घरघर, तिचा श्वास.

"घालून ठेवायची," ती म्हणाली. "फक्त उत्तर द्यायचं नाही."

निकाल आला तेव्हा दोघं बरोबर होते. दहातल्या नऊ जणींत ती नव्हती. पण लहान होतं आणि लवकर सापडलं होतं, असं डॉक्टरनं दोनदा सांगितलं, आणि परीक्षितनं दोन्ही वेळा प्रत्येक शब्द ऐकला. तिच्या कानात त्या वेळी काहीच शिरलं नव्हतं, म्हणून घरी आल्यावर त्यानं ते तिला पुन्हा जसंच्या तसं सांगितलं, आणि फोनवर तनूलाही. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. तनू एडिनबराहून येऊन राहिली, आईच्या केसांना तेल लावत म्हणाली, "आई, तू खूप शूर झाला," आणि कुणीही ते दुरुस्त केलं नाही. मग रेडिएशनच्या फेऱ्या झाल्या. देवयानी दुपारी थकून काचेच्या खोलीत पडायची, वसंतातलं ऊन तिच्या पायांवर यायचं, आणि ती खालच्या पट्टीत डॉक्टरांच्या बुटांना, सूपच्या चवीला, त्याच्या दाढीला नावं ठेवायची. परीक्षित उत्तर देत नसे. कधीकधी त्याचे खांदे हलायचे, तेवढं तिनं चालवून घेतलं.

जूनमध्ये नदीवरची मासेमारी पुन्हा सुरू होते. त्या सकाळी तो गाडीत काठ्या ठेवत असताना देवयानी बूट घालून बाहेर आली. मासेमारीचं लायसन्स तिनं स्वतःच फोनवर काढलं होतं. इतक्या वर्षांत ती कधी नदीवर आली नव्हती. रिंगवुडच्या खाली एव्हन नदी गवताळ काठांमधून संथ वाहत होती, पाणवनस्पतींवर पांढरी बारीक फुलं आली होती, आणि पलीकडच्या काठावर दोन म्हातारे छत्रीखाली सँडविच खात बसले होते. त्यानं काठी तिच्या हातात दिली, रिळाच्या कडेवर तिचा अंगठा ठेवला. "तू काही करायचं नाही," तो म्हणाला. "पाणी फ्लोटला घेऊन जाईल. फ्लोट चाकाला फिरवेल. तू फक्त अंगठा टेकवून ठेव, मुंगीवर ठेवशील तेवढाच." दोरीला लावलेला, पाण्यावर तरंगणारा लाल टोकाचा फ्लोट निघाला. चाक फिरू लागलं, नदीच्या चालीनं, आणि देवयानीचा चेहरा हळूहळू बदलला. "अगंबाई," ती म्हणाली, "हे तर जिवंत आहे!" ऑपरेशनच्या बाजूचा हात पूर्ण वर जात नव्हता, म्हणून काठी तिनं दुसऱ्या हाताच्या कोपराशी टेकवली होती. तो मागे सरून उभा राहिला. काही सुचवलं नाही.

फ्लोट बुडाला. तिनं बघितलं, पण तिला अर्थ कळायला क्षण गेला, आणि मग काठी वाकली. "अरे, ओढतोय!" ती ओरडली, नदीचा अख्खा काठ ऐकेल अशा आवाजात. "अरे परीक्षित, काय करू? ये ना रे, धर ना!" पलीकडच्या म्हाताऱ्यांनी सँडविच खाली ठेवून बघितलं. परीक्षित गेला, पण काठी त्यानं घेतली नाही. तिच्या अंगठ्याजवळ आपला अंगठा टेकवला. मासा प्रवाहात खाली पळाला, थांबला, पुन्हा पळाला, आणि शेवटी दमून जाळ्यात आला. तांबड्या परांचा रोच होता, तिच्या तळहाताहून जरा मोठा. गळ काढायच्या आधी त्यानं तिला हात ओले करायला सांगितले, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा थर निघतो म्हणून. तिनं गवतात गुडघे टेकले, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवले आणि मासा धरला. त्याचे कल्ले उघडत मिटत होते. ती त्याच्याकडे इतकं लक्ष देऊन बघत होती की परीक्षितला तिच्याकडे मनसोक्त बघता आलं. तिनं हात पाण्याखाली नेले आणि बोटं सैल केली. मासा लगेच गेला नाही. पाण्याच्या चालीत तिच्या हातांमध्ये क्षणभर तसाच राहिला, तोंड प्रवाहाकडे करून, आणि मग शेपटीच्या एका फटक्यानं वनस्पतींमध्ये दिसेनासा झाला. देवयानीनं ओंजळ केलेले रिकामे हात वर काढले. त्यांतून पाणी गळत होतं.

"पुन्हा टाकूया," ती म्हणाली.